सावली गायब होते त्या दुपारी: शून्य सावलीचा कार्यक्रम आपल्या गल्लीत कसा करावा

दुकानात आलेल्या कोणालाही विचारून बघा, "दुपारी बाराला सूर्य कुठं असतो?" बोट वर जातं आणि उत्तर येतं, "डोक्यावर की!" शिकलेला असो, न शिकलेला असो, उत्तर तेच. आणि ते चुकीचं आहे. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून फक्त दोन दिवस येतो, आणि त्या दोन दिवशीसुद्धा बाराला येत नाही. तो तसा आला की सरळ उभ्या वस्तूची सावली बाहेर पडतच नाही. हीच शून्य सावली.

माझं कराडला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. शिक्षण बी.कॉम. विज्ञानाशी संबंध म्हणाल तर दहावीपुरता. तरीही गेली पाच वर्षं मे महिन्यात मी हा शून्य सावलीचा कार्यक्रम करतो. पहिल्या वर्षी जी फजिती झाली ती तुमची होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. दुर्बीण लागत नाही, वीज लागत नाही, पडदा-प्रोजेक्टर लागत नाही. आणि सगळ्यांनी खाली जमिनीकडे बघायचं असल्यामुळे ग्रहणाला लागतात तसले चष्मेही लागत नाहीत.

१. आधी तारीख काढा

फोनवरच्या नकाशात आपल्या गावावर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतात. त्यातला पहिला म्हणजे अक्षांश. कराडचा १७.३, पुण्याचा १८.५, मुंबईचा १९.१, नागपूरचा २१.१. सूर्य जूनपर्यंत रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो, आणि ज्या दिवशी तो आपल्या अक्षांशावर पोचतो तो आपला दिवस.

ढोबळ वेळापत्रक असं: मडगाव १-२ मे, सावंतवाडी ३-४ मे, कोल्हापूर ६-७ मे, कराड ८-९ मे, सातारा आणि सोलापूर १० मेच्या आसपास, पुणे १३-१४ मे, मुंबई १५-१६ मे, नाशिक २० मेच्या आसपास, धुळे-जळगाव २५ मेच्या आसपास, नागपूर २६-२७ मे. म्हणजे सबंध मे महिना सूर्य गोव्यापासून सातपुड्यापर्यंत महाराष्ट्र चढत असतो. सुरुवातीला दिवसाला तीसेक किलोमीटर, शेवटी शेवटी वीसच्याही आत. पालखीची चालही साधारण एवढीच. लोकांना हे सांगितलं की आकडे न सांगताही कळतं. "आज पालखी कराडात, परवा साताऱ्यात."

पुढे २१ जूनच्या सुमाराला कर्कवृत्ताला शिवून तो मागे फिरतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा आपल्या डोक्यावरून जातो. पुण्याला ३० जुलैच्या आसपास, आम्हाला ३-४ ऑगस्टला. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा छत्री घेऊन उभा होतो. नवख्यानं मेचाच दिवस धरावा.

दिल्लीच्या पाहुण्याला फोन करून "तुमच्याकडे कधी?" असं विचारू नका. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

२. मग वेळ काढा, आणि ती मिनिटात काढा

इथं बहुतेक जण फसतात. आपलं घड्याळ चालतं ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावर. आपण त्याच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. वरून मे महिन्यात तीन-साडेतीन मिनिटं वजा होतात, पण त्या भानगडीत पडू नका. सोपी युक्ती सांगतो. कॅलेंडरवर किंवा पंचांगात आपल्या गावाचा सूर्योदय आणि सूर्यास्त बघा आणि दोन्हींच्या बरोबर मधली वेळ काढा. मुंबईला मेच्या मध्यावर सूर्योदय साधारण ६:०५ आणि सूर्यास्त ७:०५. मधली वेळ १२:३५. झालं. कॅलेंडरवर दुसऱ्या शहराची वेळ छापलेली असेल तर ती वापरू नका. पुण्याला १२:३१, कराड-कोल्हापूरला १२:३०, सोलापूरला १२:२३, नागपूरला १२:११.

एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: दिवस एकानं चुकला तर चालतं, पाच मिनिटं चुकली तर चालत नाही. फूटभर पाइपची सावली एक दिवस आधी किंवा नंतर घेतली तरी दीड मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पण त्याच दिवशी वीस मिनिटं उशीर झाला तर ती अडीच सेंटिमीटर होते, आणि लोक म्हणतात, "ही काय दिसती की सावली."

हे मला कसं कळलं? पहिल्या वर्षी एका शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठेवला. मंडप, खुर्च्या, माईक, हार, नारळ, प्रमुख पाहुणे. पाहुणे आले १२:५०ला. त्यांची वाट बघत मी माईकवर पृथ्वीच्या कललेल्या आसावर बोलत होतो, आणि माझ्या मागे टेबलावर ठेवलेल्या पाइपची सावली केव्हाच नाहीशी होऊन पुन्हा उगवली होती. ती फक्त एका चौथीतल्या मुलीनं पाहिली. ती दोनदा "काका, काका" म्हणाली. मी तिला हातानं गप्प केलं.

तेव्हापासून पाहुणे नाहीत, हार नाहीत, माईक नाही.

३. जागा आणि परवानगी

मेमध्ये शाळांना सुट्टी असते, पोरं मामाच्या गावाला गेलेली असतात. शाळेच्या भरवशावर राहू नका. जिथं दुपारी साडेबाराला लोक आपणहून असतात तिथं जा: मंडईची कड, देवळाचं आवार, रिक्षा थांबा, सोसायटीचं पार्किंग. मी आता मंडईजवळच्या मोकळ्या जागेत करतो. विक्रेते बसलेलेच असतात, गिऱ्हाईक थांबतं.

कागदपत्रं म्हणाल तर एकच: साध्या कागदावर अर्ज. जागा ज्यांची असेल, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, सोसायटी किंवा देवस्थान, त्यांच्या नावानं. तारीख, वेळ (११:३० ते १:३० लिहा), किती लोक, माईक नाही, मंडप नाही. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. "तोंडी सांगितलंय" हे कार्यक्रमाच्या दिवशी ड्युटीवरच्या माणसाला माहीत नसतं. एका वर्षी मला अर्धा तास तिथंच घासाघीस करावी लागली.

४. सामान

- चार इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक फुटाचे चार-पाच तुकडे. प्लंबरकडे असे तुकडे पडलेलेच असतात. दोन्ही टोकं काटकोनात कापून घ्या.
- प्लायवूडचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा आणि वर पांढरा कागद.
- पाणसळ, म्हणजे गवंड्याची स्पिरिट लेव्हल, आणि ओळंबा. विकत घेऊ नका, ओळखीच्या गवंड्याला मागा. जमलं तर त्यालाच बोलवा.
- पाचरी म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे, खडू, पट्टी, पेन्सिल.
- चार मोसंबी आणि टाचण्यांची डबी.
- पिण्याचं पाणी, शक्य असेल तर ताक. जवळ सावलीची एक जागा.

पेले किंवा फुलपात्रं वापरू नका. त्यांच्या बाजू तिरक्या असतात. तोंडाशी रुंद पेला सरळ ठेवला तर सावली दिसतच राहते, उपडा ठेवला तर सूर्य माथ्यावर नसतानाही दिसत नाही. दोन्हीकडून फसवणूक. सरळ बाजूंची वस्तू हवी: पाइप, नवा खडू, मेणबत्ती, टॉर्चचा सेल.

पाइपच का? कारण तो दोन्ही तोंडांनी उघडा असतो. बरोबर वेळेला बाहेरची सावली तर जातेच, शिवाय आतला कागद काठापासून काठापर्यंत उजळतो. कागदावर फक्त पाइपच्या जाडीची एक बारीक कडी उरते. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून जो आवाज निघतो त्याच्यासाठी पुढचं सगळं करायचं.

५. तीन दिवस आधी रंगीत तालीम

ही टाळू नका. मी एका वर्षी टाळली आणि १२:३०ला सावली चांगली बोटभर होती. कारण? गच्ची. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ दिलेला असतो. डोळ्याला सपाट दिसते, असते तिरकी. एक अंशानं जरी पाइप कलला तरी पाच मिलिमीटर सावली पडते. म्हणून फळी ठेवायची, तिच्यावर पाणसळ आधी आडवी मग उभी धरायची, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खाली पाचरी सारायच्या. मग पाइप उभा करायचा आणि शेजारी ओळंबा धरून दोन बाजूंनी बघायचा. आमचा गवंडी हे दीड मिनिटात करतो आणि मला दहा मिनिटं लागतात, हे बघून जमलेल्या पोरांना भलताच आनंद होतो.

तालमीच्या दिवशी बाराच्या ठोक्यापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलीनं ठिपका द्या. सगळ्यात आखूड सावली कुठल्या ठिपक्याला येते तीच तुमची खरी वेळ. गणितात काही चुकलं असेल तर इथं कळतं. हा ठिपक्यांचा कागद जपून ठेवा, कार्यक्रमात भिंतीला लावा. "बारा वाजले म्हणजे माध्यान्ह" हे जितकं सांगून जात नाही तितकं हा कागद बघून जातं.

हे काही आपण नवीन करत नाही. सावली मोजायचा उभा खुंटा म्हणजे शंकू. जुन्या भारतीय ज्योतिषात तो बारा अंगुळांचा धरलेला आहे, आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या सावलीवरून पूर्व-पश्चिम रेषा काढत.

६. लोकांना आधी चुकू द्या

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि तज्ज्ञ मंडळी नेमका हाच खातात. लोक जमले की समजावून सांगायची घाई करू नका. १२:०५च्या सुमाराला फळीवर पाइप ठेवा, सावली दिसत असतेच, आणि प्रत्येकाला खडू द्या. "साडेबाराला सावलीचं टोक कुठं असेल? खूण करा, शेजारी नाव लिहा." मोठी माणसं आधी हसतात, मग चवड्यावर बसतात, मग शेजारच्याची खूण बघून आपली पुसतात. एकदा खूण केली की माणूस हलत नाही, निकाल बघूनच जातो. माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणाला जे जमलं नाही ते खडूच्या एका तुकड्याला जमतं.

जवळजवळ सगळे सावली लांब झालेली दाखवतात किंवा दुसऱ्या बाजूला वळलेली. "सावलीच नसेल" अशी खूण कोणी करत नाही, कारण ती करायची कुठं?

या वेळात कोणी "का हो?" विचारलं तर सांगा, "बघू या की." मला हे अजून जड जातं.

७. ती पाच मिनिटं

१२:२५ला पाइपभोवती मीटरभर अंतरावर खडूनं रिंगण आखा आणि सगळ्यांना रिंगणाबाहेर बसवा. उभं राहिलं की माणूस वाकतो, आणि सूर्य डोक्यावर असल्यामुळे वाकलेल्या डोक्याचीच सावली पाइपवर पडते. फोटो काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. फोन बरोबर वरून धरतात आणि मग ओरडतात, "सावली पडली, पडली!" ती फोनची असते. फोटो बाजूनं, बसून.

मग गप्प बसा. खरंच गप्प. सावली कडेला चिकटते, आतला उजेडाचा डाग फुगत जातो आणि एका क्षणी पूर्ण गोल होतो. दीड-दोन मिनिटं तसा राहिल्यासारखा वाटतो, मग दुसऱ्या बाजूनं काळी कोर सुरू होते. सूर्य म्हणजे ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे कडा थोडी धूसर असते. ते ठीक आहे.

माणसांची सावली नाहीशी होत नाही, पायाशी गोळा होते. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "माझी तर दिसतीय" म्हणून निम्मे लोक नाराज होतात. उभ्या माणसाला खांदे आहेत, पोट आहे. काहींना जास्त आहे.

दोन इशारे. कोणी उत्साहात वर बघायला लागलं तर लगेच थांबवा, पोरांवर तर एक माणूस खास त्यासाठीच ठेवा. सूर्याकडे थेट बघायचं नाही. सीडी किंवा एक्स-रेची फिल्म धरूनही नाही. आणि ऊन. विदर्भ-खानदेशात मेच्या अखेरीला भर दुपारी लोकांना तासभर उघड्यावर बसवणं हा गुन्हाच आहे. तिथं फक्त शेवटची दहा मिनिटं उन्हात काढा, बाकी सगळं सावलीत.

८. आता समजावा, पण मोसंब्यानं

सावली परत आली की लोक स्वतःच विचारतात. आता बोला. मोसंब्याच्या देठापासून खालपर्यंत एका रेषेत पाच टाचण्या अर्ध्या टोचा. मोसंबं उन्हात धरा आणि हळूहळू कलवा. एका वेळी एकाच टाचणीची सावली जाते, ती सरळ सूर्याकडे रोखलेली असते. बाकीच्यांच्या सावल्या असतात, लांबच्या टाचणीची जास्त लांब. अजून थोडं कलवा, पुढच्या टाचणीची पाळी येते. कराड, सातारा, पुणे. मोसंबं पोराच्याच हातात द्या. नंतर ते खाऊ द्या, टाचण्या मोजून काढल्यावर.

कुणी आजी "सावली न दिसणं अभद्र" म्हणून नातवाला ओढून नेईल. आमच्याकडे दोनदा झालं. चारचौघांत वाद घालून त्या बाईला हास्यास्पद करू नका, आयुष्यभरासाठी एक घर तुटतं. मी म्हटलं, "आजी, तुम्ही सावलीतच बसा, फक्त पाइपचं बघा." पाइपला अभद्र होत नाही, हे त्यांना पटलं.

आणि लोकांना बोलू द्या. तिसऱ्या वर्षी कांदे विकायला आलेले एक म्हातारे बाबा सगळं बघून म्हणाले, "ह्यात काय नवाल? ह्या दिसांत आमच्या हिरीच्या तळाला ऊन लागतंय. गाळ काढायला उतरलं की कळतंय." मी उडालोच. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या सायीन गावच्या विहिरीत वर्षातल्या एका दुपारी ऊन तळाला पोचतं, या बातमीवरून आणि त्याच वेळच्या दूर अलेक्झांड्रियातल्या सावलीवरून एराटोस्थेनीस नावाच्या ग्रीक विद्वानानं पृथ्वीचा घेर काढला होता. तीच बातमी कांद्याच्या पोत्यावर बसून मिळाली. पुढच्या वर्षी आम्ही वीसेक जण बाबांच्या विहिरीवर गेलो. त्यांनी समजावलं, मी पाणी वाटलं. अशी माणसं प्रत्येक गावात असतात: गवंडी, विहीर खोदणारे, सोलर बसवणारे. बोलायला त्यांना पुढे करा.

अभ्यासू माणूस हवाच असेल तर मराठी विज्ञान परिषदेच्या शाखा गावोगावी आहेत, ती १९६६ पासून हेच काम करते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ची. वक्त्याला एकच विनंती आधीच करा: साडेबाराच्या आधी बोलायचं नाही.

९. जमलं तर पृथ्वी मोजा

हे पहिल्या वर्षी करू नका, दुसऱ्या वर्षी करा. आपल्या उत्तरेला किंवा दक्षिणेला बरंच लांब राहणारं कोणी शोधा. माझी बहीण धुळ्याला असते. धुळं कराडच्या जवळजवळ सरळ वर आहे, नकाशावर पट्टी धरली तर ४०० किलोमीटर. (रस्त्याचं अंतर घेऊ नका, घाट आणि वळणं पृथ्वीला फुगवतात.) आमच्या शून्य सावलीच्या दिवशी तिनं तिच्या माध्यान्हीला, म्हणजे १२:२७ला, बरोबर एक मीटर उंचीच्या उभ्या पाइपची सावली मोजायची.

हिशेब शाळेतला पोरगाही करतो. सावली भागिले काठी जितकं, तितकंच अंतर भागिले पृथ्वीची त्रिज्या. कोन लहान असला की हे चालून जातं. तिचा मेसेज आला: "साडेसहा सेंमी. पाय भाजले." १०० सेंटिमीटरला ६.५, तर ४०० किलोमीटर किती त्रिज्येला? ६,१५४ किलोमीटर. खरी त्रिज्या सुमारे ६,३७१. खडूनं फरशीवर हे गणित मांडलं तेव्हा कांदेवाले बाबा म्हणाले, "दोनशे किलोमीटर कुठं गेलं?"

गेले सावलीच्या धूसर कडेत. मीटरभर पाइपच्या टोकाची सावली चांगली आठ-नऊ मिलिमीटर पुसट असते, तिच्या मधोमध मोजायचं असतं. बहिणीनं पार शेवटपर्यंत मोजली होती. ६.३ आली असती तर जमलंच होतं. यंदा ती चप्पल घालून मोजणार आहे.